वंशावळ शोधताय? आधी शोधवही घाला!

नगर जिल्ह्यातली जुनी माणसं शोधताना तारीख, कार्यालय, दप्तर, पाहिलेली वर्षं आणि काय मिळालं, हे जागेवरच वहीत लिहा. काय मिळालं नाही, हे तर नक्कीच! तहसीलमधल्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, पणजोबा सापडले नाहीत अन् वर्षं नोंदवली नाहीत, तर तेच मोडी कागद पुन्हा चाळावे लागतात.

गावाचा तेव्हाचा तालुकाही लिहा. राहाता तालुका नंतर झाला. तिथल्या बऱ्याच गावांसाठी कोपरगावचं दप्तर बघावं लागतं. जुन्या नोंदीत अनेकदा आडनाव नसून 'रामजी बिन येसाजी' (येसाजीचा मुलगा रामजी) एवढंच असतं, म्हणून नाव जसंच्या तसं उतरवा. शाळेचं जनरल रजिस्टर, फेरफार, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची नामावळी, प्रत्येकाला वेगळं पान ठेवा.

घरातल्या थोरांच्या आठवणी मात्र आजच, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून घ्या.