धर्मग्रामातले याजकपण

वसईच्या पश्चिम पट्ट्यात पापडीपासून नंदाखाल-आगाशीपर्यंत जी चर्चे दिसतात ती कॅथॉलिक आहेत. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांतही अर्थातच रोमशी बांधलेला. मार्टिन ल्यूथरची परंपरा भारतात आली ती १७०६ साली, तामिळनाडूतल्या तरंगंबाडीला, आणि पुढे मुख्यतः तामिळनाडू, आंध्र, छोटा नागपूर अशा भागांत रुजली. उत्तर कोकणाशी तिचा थेट संबंध नाही. तरीही देवाची कृपा फुकट आहे, प्रत्येकाला पाचारण आहे आणि मंडळीची सेवा सगळ्यांनी मिळून करायची आहे, हे लुथरन मंडळ्यांचे तीन धागे समजून घ्यायला वसईसारखी जागा नाही, असे मला वाटते. हे विचार इथे पुस्तकातून आलेले नाहीत. गरजेपोटी, व्यवहारातून, आणि कधीकधी अधिकृत शिकवणीच्या दोन पावले पुढे जाऊन ते इथे उभे राहिले आहेत.

ल्यूथरचा मूळ मुद्दा पापक्षमेच्या बाजाराविरुद्धचा. १५१७ साली त्याने त्यावर जाहीर आक्षेप घेतले. देव माणसाला स्वीकारतो ते त्याच्या पुण्याईचा हिशेब पाहून नव्हे, हे एकदा मान्य केले की पुढच्या गोष्टी ओघाने येतात. कृपा कमवायची नसेल तर ती कमवून देणारा मध्यस्थही लागत नाही. मग धर्मगुरू आणि प्रापंचिक यांच्यात देवापुढे उच्चनीच उरत नाही. १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना त्याने बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांनाच याजक म्हटले. फरक आहे तो कामाचा, दर्जाचा नाही. चांभार, लोहार, शेतकरी यांचे काम हेही पाचारणच, कारण त्यातून शेजाऱ्याची गरज भागते. इथे एक गैरसमज नेहमी होतो. सगळेच याजक म्हणजे ज्याला वाटेल त्याने उपदेश करायला उभे राहावे, असे ल्यूथरपंथाने कधी म्हटले नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीत, म्हणजे ल्यूथरपंथाच्या श्रद्धा-निवेदनात, स्पष्ट अट आहे की रीतसर बोलावणे झाल्याशिवाय कोणी जाहीर शिकवण देऊ नये. प्रश्न असतो तो बोलावायचे कोणी हा. अनेक लुथरन मंडळ्यांत ते मंडळीच्या मतानेच ठरते.

आता वसईकडे पाहू. इथला सर्वांत मोठा संत, गोन्सालो गार्सिया, धर्मगुरू नव्हता. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा माणूस जपानात व्यापार करत होता. पुढे मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात शिरला तोही साधा बंधू म्हणून. व्यापारात मिळवलेली जपानी भाषा त्याला मिशनचा दुभाषी बनवून गेली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. संन्यासी व्रतांना वेगळा दर्जा देणे ल्यूथरला मंजूर नव्हते, त्यामुळे गोन्सालोला लुथरन साक्षीदार ठरवणे ओढूनताणून होईल. पण पेठेतले कौशल्य आणि वेदीवरची सेवा एकाच आयुष्यात कशी सांधली जाते, याचे याहून नेमके उदाहरण मिळणार नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय संन्यासी निघून गेले आणि इथल्या चर्चांची जबाबदारी देशी धर्मगुरूंवर व गावकऱ्यांवर आली. आश्रयदाती राजसत्ता गेली, तरी ख्रिस्ती समाज टिकला.

सर्वांत बोलका पुरावा मात्र चर्चच्या भिंतींबाहेरचा आहे. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. बागायती करणाऱ्या, भाजीपाला-केळी मुंबईला पाठवणाऱ्या शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवणे हा तिचा हेतू. पुढाकार धर्मगुरूचा होता, पण सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचा झगा कोणताही असो. कर्जमंजुरी, ताळेबंद, संचालकांची निवडणूक ही सगळी कामे प्रापंचिकांनी शिकून घेतली. कोणी म्हणेल, बँक ही बँक असते, तिला सेवाकार्य कशाला म्हणायचे? हा आक्षेप ज्या भेदावर उभा आहे, मिस्सा पवित्र आणि पासबुक ऐहिक, तो भेदच ल्यूथरच्या पाचारणाच्या कल्पनेने नाकारला होता. शेजाऱ्याच्या डोक्यावरचे व्याज कमी करणे हे याजकपणाचे काम आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली, तेव्हा पाणी, जमीन आणि बिल्डरांची दांडगाई हे प्रश्न याच न्यायाने धर्माचे झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कॅथॉलिक गावात लुथरन कल्पना शोधणे म्हणजे दोन्हींवर अन्याय. वसईतल्या रमेदी चर्चमधल्या मातेला नवस, नोव्हेना, मेणबत्त्या यांत फुकट कृपा कुठे बसते? याला एक उत्तर ३१ ऑक्टोबर १९९९ चे आहे. त्या दिवशी ऑग्सबर्गला कॅथॉलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस देवाला मान्य होतो तो केवळ कृपेने, स्वतःच्या गुणवत्तेने नव्हे, आणि सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे. नवस हा सौदा म्हणून केला तर तो या जाहीरनाम्याच्या विरोधात जातो, कृतज्ञता म्हणून केला तर जात नाही; आणि यातला फरक भाविकाला बहुतेक वेळा कळतो. मराठी माणसाला तर फुकट कृपेचा विचार परका नाहीच. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी आपले संशोधन तुकोबांच्या ईश्वरानुभवावर केले. ज्याला पुरोहिताचा अधिकार नव्हता अशा वाण्याच्या वाणीतली कृपा एका बिशपने अभ्यासावी, याचे मला अप्रूप वाटते.

पण जिथे कॅथॉलिक आणि लुथरन वाटा खरोखर वेगळ्या होतात तो मुद्दा झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सर्व ख्रिस्तीजनांचे समान याजकपण मान्य केले, पण दीक्षित धर्मगुरूचे याजकपण मूलतः निराळे असल्याचेही त्याच दस्तऐवजात बजावले. व्यवहारात याचा अर्थ असा की प्रापंचिक मिस्सेत वाचन करतात, कम्युनियन वाटतात, मुलांना धर्मशिक्षण देतात. धर्मग्राम (पॅरिश) परिषदेत मात्र त्यांचे मत १९८३ च्या चर्चसंहितेनुसार फक्त सल्ल्यापुरते असते. शतकभर बँक चालवणाऱ्या समाजाला चर्चच्या दुरुस्तीबाबत केवळ सल्ला देता यावा, हे विसंगत आहे. चर्चची एकी टिकवायला शेवटचा शब्द एकाचाच हवा, हे म्हणणे पोकळ नाही. बहुमताच्या राजकारणाने मंडळ्या फुटतात हे प्रॉटेस्टंट इतिहासात वारंवार दिसते. तरीही सल्ला विचारलाच नाही तर त्या एकीचा अर्थ फक्त शांतता एवढाच उरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमच्या सिनडने अंतिम दस्तऐवजात अशा परिषदा अनिवार्य कराव्यात असा आग्रह धरला आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा प्रसिद्ध करू दिला. वसईत त्यासाठी लागणारी माणसे नव्याने घडवावी लागणार नाहीत. सभेचे इतिवृत्त लिहिणारी आणि हिशेबावर प्रश्न विचारणारी माणसे इथे १९१८ पासून आहेत.