दमदमची गोळी आणि हेगची खोली

चांद्याहून पुण्याला निघालं की नांदे, सूस करत पाषाण येतं. तिथल्या कुंपणांमागे शस्त्रांच्या आणि स्फोटकांच्या सरकारी प्रयोगशाळा आहेत. पिनाक रॉकेट तिथलंच. खडकीला तर १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. आमच्या भागाला गोळी नवी नाही. तिच्यावर जगात करार झाले, हेही ठाऊक असतं. ते करार ज्या खोल्यांत झाले, तिथलं बोलणं मात्र कानावर येत नाही.

आधुनिक काळातला पहिला करार १८६८ चा, सेंट पीटर्सबर्गचा. चारशे ग्रॅमपेक्षा हलक्या, फुटणाऱ्या गोळ्यांवर बंदी. परिषद बोलावली रशियानं. आतली गोष्ट अशी की मऊ अंगावर आदळूनही फुटणारी गोळी आदल्याच वर्षी तयार झाली होती, तीही रशियातच! ती वापरायला त्यांचा युद्धमंत्री मिल्युतिन धजेना. आपण टाकायची, तर सगळ्यांनीच टाकावी, म्हणून हे आमंत्रण.

दमदमची कथा जास्त बोचते. १८९५ च्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्राल मोहिमेनंतर इंग्रजांची ओरड सुरू झाली, की .३०३ रायफलची गोळी आरपार जाते, पण समोरचा पडत नाही. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यानं गोळीच्या टोकाचं कवच मागे घेतलं आणि आतलं शिसं उघडं ठेवलं. अंगात शिरताच ते अळंबीसारखं पसरायचं.

१८९९ मध्ये हेगच्या शांतता परिषदेत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात ट्यूबिंगेनच्या प्रोफेसर ब्रुन्स यांचे प्रयोग होते. त्यांतल्या जखमा भयंकर होत्या, पण त्या दमदमच्या गोळीच्या नव्हत्याच. प्रयोग झाले होते शिकारीच्या गोळ्यांवर, ज्यांचं शिसं कितीतरी जास्त उघडं असे. ब्रिटनचे सर जॉन आर्डा यांनी ही चूक बरोबर पकडली.

तिथंच थांबले असते तर बरं. पण व्हाइसरॉयचे खासगी सचिव म्हणून भारतात सहा वर्षं काढलेल्या या माणसानं पुढे सांगितलं, की सुसंस्कृत शिपाई जखम झाली की मागे जातो, रानटी मात्र धावतच येतो. त्याला ही गोळी हवीच. रानटी म्हणजे कोण, हे त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही. आपल्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतंच. मला हे वाचताना आजही राग येतो.

बंदी झाली. विरोधात फक्त ब्रिटन आणि अमेरिका. पण जाहीरनाम्यात एक कलम होतं: हा नियम सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरताच. ज्यांच्यावर ती गोळी झाडली गेली, त्या सरहद्दीवरच्या टोळ्यांना त्या कागदानं काहीच दिलं नाही. ब्रिटननं सही केली, तीही १९०७ मध्ये.

आपलं घरही तपासू. १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं संयुक्त निवेदन काढलं, की आम्ही रासायनिक शस्त्रं कधीही बनवणार, मिळवणार किंवा वापरणार नाही. १९९७ मध्ये रासायनिक शस्त्रांचा करार लागू झाला आणि भारतानं १,०४४ टन मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला! पण तो निरीक्षकांसमोर २००९ पर्यंत पूर्ण नष्टही केला. जगात असं करणारा भारत तिसरा देश. याचा मला अभिमान आहे.

नवं शस्त्र घेण्याआधी ते कायद्यात बसतं का हे तपासावं, असं जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं ३६ वं कलम सांगतं. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. पाषाणच्या कुंपणाआड नवं शस्त्र घडत असताना ही तपासणी आपल्याच संसदेनं कायद्यानं बंधनकारक करावी. आपल्या खासदाराला हे एकदा जरूर विचारा.