मैदान आहे, क्लब हवा
नवी मुंबईत महिलांचा व्यावसायिक फुटबॉल क्लब उभा राहायचा, तर काय लागेल?

प्रतिनिधी, नवी मुंबई

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने २०२२ या एकाच वर्षात महिला फुटबॉलचे दोन मोठे अंतिम सामने पाहिले. ६ फेब्रुवारी रोजी आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरविले. ३० ऑक्टोबर रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियावर १-० अशी मात केली. त्यानंतर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला क्रिकेट संघाने याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला नमवून विश्वचषक जिंकला. महिलांचा खेळ पाहायला प्रेक्षक येत नाहीत, हा समज निदान नेरूळमध्ये तरी टिकलेला नाही.

असे असूनही इंडियन विमेन्स लीगच्या वरच्या श्रेणीत २०२३-२४ आणि २०२४-२५ या हंगामांत नवी मुंबईचाच काय, महाराष्ट्राचाही एकही संघ नव्हता. शाळेच्या संघातून चमकलेल्या मुलीने पुढे कोठे खेळायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बहुधा राज्याबाहेर शोधावे लागते. अनेकींचा खेळ त्याआधीच थांबतो. म्हणूनच नवा व्यावसायिक क्लब स्थापन होण्याचा अर्थ काय, तो कोणत्या पायऱ्यांनी वर चढतो आणि कशामुळे कोलमडतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

संघ आणि क्लब यांतील फरक

महिलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा १९९१ पासून होत आली. ती राज्यांच्या संघांची. निवड झाली की शिबिर, मग स्पर्धा, आणि ती संपली की खेळाडू आपापल्या घरी. वर्षातील उरलेल्या महिन्यांत तिच्या सरावाची, आहाराची वा दुखापतीवरील उपचारांची जबाबदारी कोणाचीच नसे. व्यावसायिक क्लबमध्ये चित्र बदलते. खेळाडूशी लेखी करार होतो, तिला ठरलेले वेतन मिळते. प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, निवास आणि प्रवास यांची व्यवस्था क्लब करतो. थोडक्यात, फुटबॉल हा छंद न राहता रोजगार होतो.

देशात ही दिशा खऱ्या अर्थाने २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या इंडियन विमेन्स लीगने दिली. आरंभी सर्व संघ एका ठिकाणी जमून काही आठवड्यांत स्पर्धा उरकत. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आलटून पालटून सामने खेळण्याची पद्धत आली. त्याच हंगामात दुसरी श्रेणीही सुरू झाली. नव्या क्लबची वाट साधारणपणे राज्य संघटनेच्या, म्हणजे आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधून जाते. तेथे चमक दाखविली की राष्ट्रीय लीगची दुसरी श्रेणी, आणि तेथून बढती मिळाली तरच वरची श्रेणी.

खर्चाचे गणित

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये वरच्या श्रेणीतील क्लबांसाठी एक निकष जाहीर केला. प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावा आणि प्रत्येकीला वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्याला ही रक्कम साडेसव्वीस हजारांच्या आसपास जाते. म्हणजे किमान निकष पाळायचा तरी केवळ या दहा जणींच्या वेतनापोटी क्लबला ३२ लाख रुपये लागतात. उरलेल्या खेळाडू, परदेशी खेळाडू घेतल्यास त्यांचे मानधन, प्रशिक्षकवर्ग, मैदानाचे भाडे आणि निवास हा खर्च वेगळा. २०२४-२५ मध्ये आठ संघ होते. प्रत्येकाला १४ सामने खेळावे लागले आणि त्यांपैकी निम्म्यांसाठी प्रवास करावा लागला.

उत्पन्नाची बाजू मात्र लंगडी आहे. तिकीटविक्री नाममात्र, दूरचित्रवाणी हक्कांतून मिळकत जवळपास नाही. त्यामुळे भार पडतो तो प्रायोजकांवर, मालकाच्या खिशावर किंवा क्लबच्या अकादमीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या शुल्कावर. यांपैकी एकाच खांबावर उभा राहिलेला क्लब तो खांब हलताच कोसळतो.

महाराष्ट्राने पाहिलेले चढउतार

लीगच्या पहिल्याच हंगामात महाराष्ट्राचा संघ होता. २०१७ च्या आरंभी दिल्लीत झालेल्या अंतिम फेरीतील सहा संघांत एफसी पुणे सिटीचा समावेश होता आणि इंडियन सुपर लीगमधील क्लबांपैकी महिला संघ उतरविणारा तो एकटाच होता. मात्र २०१९ मध्ये मूळ क्लबच बंद पडला. त्यानंतर कोल्हापूरकरांच्या फुटबॉलवेडाला साजेशी झेप एफसी कोल्हापूर सिटीने घेतली. हा संघ २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये राष्ट्रीय फेरीत खेळला. मुंबईच्या पिफा स्पोर्ट्सने २०२१-२२ मध्ये आणि मुंबई नाइट्सने २०२२-२३ मध्ये राज्याचे नाव राखले. सातत्य मात्र कोणालाच साधले नाही. घरच्या मैदानाची पद्धत आली, खर्च वाढला आणि राज्य नकाशावरून पुसले गेले.

पुरुषांच्या क्लबांचीही कथा वेगळी नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये विसर्जित झाले. महिला संघाला तर दुहेरी धोका असतो. केरळ ब्लास्टर्सचा महिला संघ २०२२ मध्ये स्थापन झाला. पुढच्या वर्षी पुरुष संघाने सामना अर्धवट सोडल्यामुळे क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला आणि जून २०२३ मध्ये महिला संघाचे कामकाज तात्पुरते थांबविण्यात आले. चूक एकाची, कात्री दुसऱ्यावर!

म्हणूनच स्वतंत्र महिला क्लबचा विचार पुढे येतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसचा एंजल सिटी हा क्लब २०२० मध्ये जाहीर झाला आणि २०२२ मध्ये मैदानात उतरला. कोणत्याही पुरुष संघाचे शेपूट न होता त्याने स्वतःचे प्रायोजक व प्रेक्षक जोडले. तेथील पैसा आपल्याकडे नाही, पण स्थानिक समाजाशी नाते जोडण्याची त्याची रीत येथेही उपयोगी पडू शकते.

नवी मुंबईचे बळ

या शहराकडे पायाभूत सुविधा आहेत. २००८ मध्ये खुले झालेले डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २०१७ च्या मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या वेळी सरावासाठी सज्ज केलेले नेरूळचे यशवंतराव चव्हाण मैदान आहे. खारघरला सिडकोने फुटबॉल उत्कृष्टता केंद्र उभारले. घणसोलीत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ मध्ये सुरू झाली, ती मुलग्यांसाठी. हार्बर आणि ट्रान्सहार्बर मार्गांमुळे पनवेलपासून ठाण्यापर्यंतच्या मुलींना सरावाला येणे शक्य आहे.

मात्र पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये नव्या क्लबने घरचे सामने खेळणे परवडणारे नाही. दोन-तीन हजार प्रेक्षक सामावणारे, प्रकाशझोत असलेले आणि माफक भाड्याचे मैदानच त्याला हवे. महापालिका व सिडको यांची मैदाने आठवड्यातील ठराविक तास मुलींसाठी राखून ठेवली गेली, तर क्लबचा मोठा खर्च वाचेल. दुसरी गरज वयोगटांच्या संघांची. तेरा, पंधरा व सतरा वर्षांखालील मुलींचे संघ नसलेला क्लब दरवर्षी बाहेरून खेळाडू आणतो, आणि पैसा आटला की रिकामा होतो. तिसरी गरज आहे निदान तीन वर्षांच्या लेखी आर्थिक हमीची.

प्रतिफळ दूरचे असले तरी खोटे नाही. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून करारबद्ध झाली. मनीषा कल्याण २०२२ मध्ये युरोपातील महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. ५ जुलै २०२५ रोजी भारतीय महिलांनी थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकाची पात्रता मैदानावर मिळविली. याच चषकात २०२२ मध्ये यजमान भारताला करोनाबाधित खेळाडूंमुळे नेरूळच्या मैदानावरील दुसऱ्या सामन्यापूर्वीच माघार घ्यावी लागली होती. ती माघार धुऊन काढणारा संघ क्लबांमध्ये घडलेल्या मुलींचा होता. अशा मुलींत पुढे नवी मुंबईची कोणी असावी असे वाटत असेल, तर क्लबची नोंदणी ही त्या कामाची केवळ पहिली पायरी ठरेल. कसोटी लागेल ती तिसऱ्या हंगामात.