लेन्सच्या डब्यातले निळे मणी

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या लेन्सला बुरशी लागली. तेव्हापासून डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल असतंच.

त्याचे मणी दिसायला काचेसारखे, पण आत नुसती भोकं! रुंदी साधारण २-३ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याचे आठ-दहा रेणू शेजारीशेजारी मावतील एवढीच. एका ग्रॅममधल्या भोकांच्या भिंती उलगडल्या तर ६००-८०० चौरस मीटर भरतात.

या भिंतींवरचे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट पाण्याच्या रेणूला हायड्रोजन बंधाने धरतात. बंध तसा लेचापेचा, पाण्याच्या रेणूतल्या पक्क्या बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाचा. पण अरुंद जागेत भिंतीही ओढतात आणि शेजारचे रेणूही. त्यामुळे बाहेर वाफ असलेलं पाणी आत द्रव होऊन बसतं.

बंध लेचापेचा आहे तेच बरं. ११०-१२० अंशांवर एक-दोन तास तापवलं की पाणी निघून जातं, मणी पुन्हा कामाला तयार.

निळे मणी ओले झाले की गुलाबी होतात, ती करामत कोबाल्ट क्लोराइडची. ते विषारी असतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नको! (घरून बोलणी खाल्ल्यावर मी नारिंगी मण्यांवर आलो.)

तुम्ही लेन्स कशात ठेवता? काही शंका असतील तर विचारा.