शिळ्या पावाचे पक्वान्न आणि जैन स्वयंपाकघर

सुटीत थंड हवेच्या ठिकाणी गेलेल्या जैन कुटुंबाचा सकाळचा नाश्ता बहुधा एका चौकशीने सुरू होतो. हॉटेलच्या टेबलावर सोनेरी परतलेले पावाचे काप मांडलेले असतात, शेजारी दालचिनी घालून शिजवलेल्या सफरचंदांचे वाफाळते भांडे असते. मुलांचे हात पुढे जातात आणि आई वाढप्याला विचारते, "यात अंडे आहे का?" उत्तर ठरलेले असते. मुले मुकाट्याने पोह्यांकडे वळतात; परंतु घरी परतल्यावर 'फ्रेंच टोस्ट'चा हट्ट सुरू होतो आणि गृहिणीला अंड्याला पर्याय शोधावा लागतो.

अंडे हीच या पदार्थातील मुख्य अडचण, अशी समजूत सर्वत्र आहे. ती पुरती खरी नाही. आपिसियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाकग्रंथात या पदार्थाचा जो मूळ पुरुष सापडतो, त्यात अंडे नाहीच. कडा काढलेल्या पांढऱ्या पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवावेत, तळावेत आणि वर मध ओतावा, एवढीच ती कृती. अंडे युरोपात मागाहून आले. आपल्याकडे हैदराबादच्या 'डबल का मीठा'मध्येही तुपात तळलेला पाव आणि आटवलेले दूध एवढ्यावरच सारे भागते. जैन घराला त्या रोमन कृतीत खटकणारी वस्तू असेल तर ती मध होय.

खरी अडचण पावाच्या वयात आहे. फ्रेंच लोक या पदार्थाला 'पें पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे 'वाया गेलेला पाव'. जर्मन भाषेत तो 'आर्मे रिटर' अर्थात 'गरीब सरदार' आहे. काल-परवाचा कडक झालेला पाव फेकवत नाही आणि चावतही नाही, म्हणून तो दुधात भिजवून परतायचा, अशी ही काटकसर. वाण्याच्या घरी काटकसरीचे कौतुक कोणास सांगायला नको! पण ओलावा असलेले अन्न रात्र उलटली की वासी, आणि वासी ते अभक्ष्य, हाही त्याच घरचा नियम. शिवाय बाजारच्या पावात यीस्टचे आंबवण आले. गोव्याचे पोदेर तर पूर्वी माडाची ताडी घालून पीठ आंबवीत असत. त्यामुळे कित्येक घरांत बेकरीचा पाव उंबरठ्याच्या आत येत नाही; कित्येक घरांत तो हिरव्या ठिपक्याची खूण पाहून येतो. ज्याने त्याने आपला नियम जाणावा. मात्र ज्या घरी पाव मुळीच चालत नाही, तेथेही हा पदार्थ होऊ शकतो, आणि त्याचे श्रेय बर्मिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याकडे जाते.

आल्फ्रेड बर्ड हे त्याचे नाव. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला अंडे सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. पत्नीला कस्टर्ड खाता यावे म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरच्या आधारे अंड्याविना कस्टर्ड करण्याची पूड सिद्ध केली आणि 1843 मध्ये तिच्या पावासाठी बेकिंग पावडर तयार केली. अहिंसेचा विचार त्यामागे नव्हता. होती ती पत्नीच्या पथ्याची काळजी. तरीही जैन स्वयंपाकघराला फ्रेंच टोस्टसाठी ज्या दोन वस्तू हव्यात, नेमक्या त्याच दोन वस्तू या एका घरातून निघाल्या, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल असते. ओलावा व उष्णता मिळताच त्यांच्यापासून वायू सुटतो आणि पीठ फुगते; आंबवणाची वाट पाहावी लागत नाही. अडीचशे ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक चमचा साखर, दोन मोठे चमचे पातळ तूप आणि सुमारे दोनशे मिलिलिटर उकळून निववलेले दूध एवढ्यात लहानसा पाव होतो. पीठ मळू नये, केवळ एकत्र करावे. 180 अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजून तो पुरता निवू द्यावा, मगच कापावा. सकाळी भाजलेला पाव दुपारी चारच्या खाण्याला वापरला की वासीचा प्रश्नच उरत नाही आणि चौविहार करणाऱ्यांनाही सूर्यास्तापूर्वी निवांत खाता येते. शिळेपणामुळे पावाला जो कोरडेपणा येतो, तो मिळवण्यासाठी बोटभर जाडीचे काप कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटे शेकावेत. ही पायरी टाळली तर काप दुधात विरघळतात. आंबवलेल्या पावाला जी चिवट जाळी असते ती याला नसते, म्हणून भिजवतानाही याला दोन-चार सेकंदच पुरेत. बेकरीचा काप दहा सेकंदही सोसतो.

आता भिजवण्याचे दूध. अंड्याऐवजी बेसन, असा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र बेसन पडले डाळीचे आणि दूध पडले गोरस. कच्च्या गोरसात कडधान्य म्हणजे द्विदलाचा दोष. दूध आधी उकळले असेल तर बरीच घरे हा संयोग चालवून घेतात, काही मुळीच घेत नाहीत. शिवाय बेसनाचा वास गोडाच्या आड येतो तो वेगळाच. म्हणून कॉर्नफ्लोअर बरे. आठ कापांसाठी उकळून गार केलेले चारशे मिलिलिटर दूध, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे साखर, वेलचीची पूड आणि केशराच्या चार काड्या पुरतात. व्हॅनिलाचा अर्क बहुधा मद्यार्कात काढलेला असतो. केशर-वेलची असताना त्याची गरजही नाही. हे मिश्रण आधी शिजवून दाट करू नये. दाट कस्टर्ड पावात शिरत नाही, वरच राहते. कच्च्या मिश्रणातले पीठ तव्याच्या उष्णतेने कापाच्या अंगावर शिजते आणि अंड्याचे बांधण्याचे काम करते. एक दक्षता मात्र घ्यावी. कॉर्नफ्लोअर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक काप बुडवण्यापूर्वी दूध ढवळावे. पहिले काप पुळपुळीत आणि शेवटचे पिठूळ होतात ते याच कारणाने.

परदेशी कृतीत लोणी सांगतात. नवनीत जैन घरात वर्ज्य. आणि पाककलेच्या दृष्टीनेही तूपच सरस. लोण्यातला दुधाचा अंश तव्यावर करपतो, तुपातून तो कढवतानाच निघून गेलेला असतो. मध्यम आचेवर प्रत्येक बाजूस तीन मिनिटे दिली की काप बदामी होतो. हा रंग दुधातील साखर आणि प्रथिने यांच्यापासून येतो, त्याला अंडे लागत नाही.

वरच्या फळांच्या बाबतीत ऋतू आणि नियम दोन्ही पाहावे लागतात. अंजीर पाच उदुंबर फळांत मोडते, ते नको. वैशाख-ज्येष्ठात आंबा उत्तम. ज्या घरी आर्द्रा नक्षत्र लागताच आंबा सोडतात, त्यांच्यासाठी पुढे नासपती आहे. पर्वतिथीला हिरवे न खाणाऱ्यांनी त्या दिवशी वेलची-साखरेवर भागवावे. बाकी सर्व काळी सफरचंदाला तोड नाही, कारण चिरल्यावर ते आतपर्यंत निरखून पाहता येते. अर्धा किलो सफरचंदे सोलून, चिरून, गाभा काढून घ्यावीत. चमचाभर तुपात ती परतून पन्नास ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी आणि दालचिनीचा लहान तुकडा घालावा. फोडी अखंड हव्या असतील तर साखर आरंभीच घालावी, साखरेच्या पाण्यात फळ आपला आकार धरून राहते. मऊ गर हवा असेल तर आधी फळ पाण्यात शिजवून मग साखर घालावी. झाकण ठेवून सहा-सात मिनिटे, नंतर उघड्यावर रस चकाकेपर्यंत आटवावे आणि उतरवताना लिंबाचे चार थेंब पिळावेत. लिंबाने गोडाचा मिठ्ठपणा मोडतो.

फळे ताटलीतल्या कापावर अगदी खाणाऱ्याच्या समोरच वाढावीत. आधी घातली तर कडा मऊ पडतात, आणि मुलांना हवी असते ती तीच कुरकुरीत कड. घरातील वडीलधारी मंडळी सुरुवातीस "हे काय नवीन?" म्हणून एकच काप घेतात, तवा आणि कढत तूप लगेच उतरवून ठेवण्याची घाई करू नये.