ताउलचे सांत क्लिमेंत : एका खेड्यातील रोमनेस्क चर्च

अकराव्या-बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात बांधकामाची जी रीत रूढ झाली, तिला पुढे एकोणिसाव्या शतकात रोमनेस्क, म्हणजे रोमन वळणाची, असे नाव पडले. जाड भिंती, लहान खिडक्या आणि अर्धवर्तुळाकार कमानी ही तिची ठळक लक्षणे. संपन्न नगरांनी आपली जुनी चर्चे पाडून पुष्कळदा नव्या धर्तीची बांधली. आडवळणाच्या खेड्यांत मात्र जुने ते टिकून राहिले. म्हणून आपण स्पेनमधील कॅटलोनियात, पिरेनीज पर्वतातील बोई खोऱ्यात, सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील ताउल या खेड्याकडे वळू.

येथील सांत क्लिमेंत चर्चची प्रतिष्ठापना १० डिसेंबर ११२३ रोजी रोडाचा बिशप रामोन याने केली. ही तिथी चर्चमधील एका खांबावरच रंगाने लिहिलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्याने याच गावातील सांता मारिया चर्चचाही विधी केला. एवढ्याशा गावात दोन चर्चे उभारण्याइतके द्रव्य कोठून आले? खोऱ्याचे धनी असलेले एरिल घराण्याचे सरदार आरागॉनच्या राजाच्या मोहिमांत लढत होते. त्या मोहिमांची प्राप्ती येथे दगडाच्या रूपाने उभी राहिली, असे अभ्यासक मानतात.

वास्तूची रचना साधी आहे. गोल खांबांच्या दोन रांगांनी आतली जागा तीन भागांत विभागली असून प्रत्येक भागाच्या पूर्व टोकाला अर्धगोल गाभारा आहे. वर दगडी घुमटी नाही, लाकडी छप्पर आहे. त्याचा भार हलका, म्हणूनच खांब सडपातळ ठेवता आले. शेजारचा घंटामनोरा सहा मजली. त्यावरील उथळ पट्ट्या आणि चिमुकल्या कमानींच्या ओळी उत्तर इटलीतील लोंबार्द गवंड्यांच्या परंपरेतून आल्या.

मुख्य गाभाऱ्यातील सिंहासनस्थ ख्रिस्ताचे भित्तिचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यातील निळा रंग एरिनाइट या पिरेनीजमध्येच सापडणाऱ्या खनिजाचा. परंतु मूळ चित्र आज तेथे नाही. १९१९ साली मुर येथील चर्चमधली चित्रे व्यापाऱ्यांनी भिंतीवरून काढविली व ती पुढे अमेरिकेत बॉस्टनला गेली. तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने बाकीची चित्रे विकत घेऊन १९१९ ते १९२३ या काळात उतरविली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, ते सुकले की ओढायचे. रंगाचा पातळ थर कापडासह सुटून येतो. मग गुंडाळ्या करून खेचरांवरून खाली न्यावयाच्या, अशी ही रीत.

हे योग्य झाले काय? चित्र वाचले, हे निर्विवाद. पण ज्या गाभाऱ्याच्या वळणासाठी ते रंगविले, तो रिता झाला. पुढे तेथे केलेली प्रतिकृती आता काढली असून, २०१३ पासून प्रकाशाच्या साहाय्याने मूळ चित्र भिंतीवर दाखविले जाते. शेजारी मूळ रंगाचे उरलेले तुकडेही दिसतात. २००० साली युनेस्कोने खोऱ्यातील नऊ चर्चे जागतिक वारशात घेतली.

आमच्या मते यातून एकच बोध घ्यावयाचा. वास्तू आणि तिचे अलंकार हा एकच जीव आहे. त्यांची ताटातूट करण्याची पाळी येते ती बहुधा गावाला आपल्या ठेव्याचे मोल उशिरा कळते म्हणून. ते मोल वेळीच कळावे, एवढ्यासाठी तरी अशा वास्तूंचा अभ्यास व्हावयास हवा.