कुहीचे टंगस्टन आणि सूर्याची भट्टी

समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज मिळणार, हे आश्वासन जुने आहे. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. होमी भाभा यांनी दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. फ्रान्समधील 'इटर' प्रकल्पात भारत २००५ पासून भागीदार आहे. तेथे ड्यूटेरियम व ट्रिटियम जाळण्याचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत. विलंबाचे खापर केवळ शास्त्रज्ञांवर फोडणे अन्यायाचे होईल. खरी अडचण आहे ती भट्टीच्या भिंतीची.

या भट्टीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १० मेगावॅट उष्णता सोसावी लागते. एवढ्याशा जागेत एक किलोवॅटच्या दहा हजार विजेच्या शेगड्या पेटवाव्यात, तसा हा प्रकार! ही उष्णता झेलण्यासाठी टंगस्टनची निवड झाली, कारण ते ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळते. महालातील जुन्या वाड्यांत पिवळा उजेड देणाऱ्या दिव्यांची तार याच धातूची असे. परंतु वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने टंगस्टनही ठिसूळ होते, आणि भिंत ठराविक काळाने बदलावी लागते. इंधन स्वस्त म्हणून वीज स्वस्त, हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. घसारा आणि भांडवलावरील व्याज हेच येथे विजेचे मोल ठरविणार.

शिवाय इंधनही आयते मिळत नाही. वर्षभर अखंड १,००० मेगावॅट संमीलन-शक्ती हवी, तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम जळते. जगातील नागरी साठा मात्र काही दशक किलोंचाच, आणि तोही दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे तिजोरीत ठेवलेले मुद्दलच आटत जाते. म्हणून भट्टीभोवती लिथियमचे प्रजनक आवरण गुंडाळावयाचे. इंग्रजीत त्याला चक्क घोंगडीचे नाव आहे! न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की नवे ट्रिटियम जन्मते. जळालेल्या प्रत्येक अणूमागे एकच न्यूट्रॉन मिळतो आणि त्यातील काही वाया जातात. ती तूट शिसे किंवा बेरिलियम भरून काढते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने व तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने शिसे-लिथियमच्या आवरणावर केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे.

आता घराजवळचा प्रश्न. महालापासून सुमारे ४० किलोमीटरवर कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनचे खनिज आहे. त्यातील धातूचे प्रमाण कमी आहे, हे मान्य. पण जगातील सुमारे चार-पंचमांश टंगस्टन एकटा चीन काढतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने निर्यातीवर निर्बंध घातले. भारताने २०२३ मध्ये टंगस्टन, लिथियम व बेरिलियम यांना महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातले खरे. यादीने धातू गाळला जात नाही. ब्रिटिश अमदानीत येथले मँगनीज कच्चेच परदेशी गेले आणि पोलादाचा नफा दुसऱ्यांनी कमावला. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे, विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. कमी प्रतीचे खनिज समृद्ध करून शुद्ध टंगस्टन देणारा एखादा प्रायोगिक कारखाना येथे उभारण्याचा खर्च अणुभट्टीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. आणि संमीलनाला आणखी पन्नास वर्षे लागली, तरी हत्यारांच्या धारदार पात्यांना हा धातू आजच हवा आहे.